वाकड्या पिनेचा बिल्ला

४ जून

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? माझा डावा सध्या गप्प आहे, आता उजव्याने तोंड उघडलं आहे. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घड्याळं दुरुस्त करत बसतात. घरात चार घड्याळं आहेत आणि चारही वेगळी वेळ दाखवतात, त्यामुळे ड्यूटीला निघताना मी सरासरी काढते.

तुझं पाकीट मिळालं. सात वर्षांत तू मला पहिल्यांदा काही लिहिलंस आणि तेही तीन शब्द, नोटिशीच्या समासात: "हे काय आहे?" दुकानाच्या पाटीवरसुद्धा तू याहून जास्त लिहिलं आहेस.

तर हे असं आहे. प्रसाविका परिषदेचं म्हणणं आहे की तू गेली एकतीस वर्षं बाळंतपणं करते आहेस आणि तीन वर्षांत निरंतर शिक्षणाचे साठ तास पूर्ण केलेले नाहीस. त्यामुळे तुझी नोंदणी का रद्द करू नये, याचा खुलासा तू पंधरा दिवसांत करायचा आहे. आता तू बटणं विकतेस, हे परिषदेला कोण सांगणार? घाबरू नकोस. तुला कुणी काही करणार नाही. करायचं झालंच तर मला करतील, आणि खरी गोष्ट तीच आहे.

परिषदेने सगळी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली. इतकी वर्षं कसं होतं? दर पाच वर्षांनी फॉर्म भरायचा, त्यावर बिल्ल्याचा नंबर टाकायचा, शिक्का मारून पावती यायची. कधी एखाद्या कारकुनाने वर पाहून म्हटलंच की रजिस्टरमध्ये नाव वेगळं दिसतंय, तर मी काही बोलायच्या आत तोच म्हणायचा, "लग्नाआधीचं असेल." मी मान हलवायचे. बाईच्या नावाचा घोळ असला की लग्नावर ढकलता येतो, त्याला पुरावा लागत नाही. कॉम्प्युटरला लग्नातलं काही कळत नाही. त्याने सरळ सांगितलं की १४१८ हा नंबर तुझा आहे, माझा नाही. माझा १४१७. आणि १४१७ या बाईने सहा महिन्यांत पेशा सोडला.

मी तशीच तडक परिषदेत गेले. खिडकीत एक चष्मेवाला पोरगा होता.

"बाई, तुम्ही तर पेशा सोडलाय."

"कधी?"

"एकतीस वर्षांपूर्वी."

"मग आज सकाळी जुळी कुणी काढली? दुसरं पायाळू होतं."

"ते मला कसं माहीत? रजिस्टरप्रमाणे तुम्ही तेव्हापासून काहीच काढलेलं नाही."

मग त्याने हिशेब समजावून सांगितला. केसपेपरवर आम्ही सही करत नाही, बिल्ल्याचा नंबर टाकतो. त्यामुळे आजवर या हातांनी झालेली चार हजारांवर बाळंतपणं कागदोपत्री तुझी आहेत. अभिनंदन. मी मात्र एकतीस वर्षं बिगरपरवाना सुईणकी करते आहे, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला शिस्तपालन समितीपुढे उभं राहायचं आहे. तारीख २८ जून. नोंदणी गेली तर नोकरी गेली, हे तुला सांगायला नको.

आमच्या संघटनेची सेक्रेटरी मोठी हुशार आहे. ती म्हणाली, "ताई, यात कुणाची लबाडी नाही. दोघी बहिणी, आडनाव एक, नंबर लागोपाठचे, टपालात बिल्ले इकडचे तिकडे झाले. कारकुनी चूक म्हणा आणि मोकळ्या व्हा." तसा एक जबाब तिने टाइप करून दिला आहे. सोबत जोडला आहे. तुला फक्त खाली सही करायची आहे. मजकूर वाचलास तरी चालेल, नाही वाचलास तरी चालेल.

तुला आठवत असेल, मी थिअरीत एकदा गटांगळी खाल्ली म्हणून आपण दोघी एकाच वर्षी पास झालो. परिषदेची पाकिटं एकाच टपालाने घरी आली. प्रमाणपत्रांवर नावं होती, ती बाबांनी चौकटीत घालून भिंतीवर लावली. बिल्ल्यांवर नुसते नंबर. बिल्ले कधी आणि कसे बदलले, देव जाणे. तुझ्या बिल्ल्याची पिन वाकडी होती, एवढं मला आठवतं. तू तो सेफ्टीपिनेने लावायचीस आणि तरीही तो एका बाजूला मान टाकून बसायचा.

मागच्या वर्षी आमच्या सुनेला तुझ्या दुकानात पाठवलं होतं ना? ती येऊन म्हणाली की मावशींनी सहा बटणं तीन वेळा मोजली, पुडीत घातली, पुडी उघडून चौथ्यांदा मोजली. आम्ही हसून हसून बेजार झालो. सहाच तर बटणं बाई! तुझं गिऱ्हाईक टिकतं तरी कसं?

समितीकडून तुला फोन आलाच तर जास्त बोलू नकोस. तेव्हाच्या त्या पत्राचं कुणी विचारणार नाही, ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, मी त्या पोराकडून पाहून घेतलं आहे. तुझ्याकडे असेल कुठे पडलेलं, तर शोधत बसू नकोस. उगाच धूळ उडेल आणि तुला शिंका येतील.

सही करून लगेच पाठव. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
ताई


१७ जून

बारके,

जबाब परत मिळाला. सही नाही. मागच्या कोऱ्या बाजूला तुझं एकच वाक्य: "ताई, वाकडी पिन कुणाची होती?"

मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. आमचे हे विचारत होते, काय झालं, तर म्हटलं काही नाही, बारकीने पिनेचं विचारलंय. ते म्हणाले, "मग पाठवून दे एखादी." एवढ्या सोप्या स्वभावाच्या माणसाबरोबर मी संसार केला आहे.

पिन माझी होती. ती पाकिटं आली तेव्हा तू घरी नव्हतीस. मी दोन्ही उघडली. माझ्यातून १४१७ निघाला, पिन वाकडी. तुझ्यातून १४१८, पिन सरळ, चकचकीत. मी तुझा घेतला आणि माझा तुझ्या पाकिटात घातला. नंबर सांगणारी चिठ्ठी होती, ती चुलीत टाकली. मनात काही पाप नव्हतं. मोठ्या बहिणीने चांगली वस्तू आधी उचलायची, असा माझा तेव्हा समज होता, आणि तू कधी हरकतही घेतली नव्हतीस. बिल्ला म्हणजे बिल्ला, असं वाटलं. त्यावर माणसाचं आयुष्य लिहिलं जातं, हे कळायचं वय नव्हतं.

आता पुढचं. तू ते विचारलं नाहीस, पण तुला कळलेलं आहे हे मला तुझ्या अक्षरावरून कळतं.

नोकरीच्या सहाव्या महिन्यात तुला जी ताकीद आली, ती माझी होती.

टाके घालताना गॉझचे तुकडे आधी मोजायचे आणि नंतर मोजायचे, हे आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलं. त्या दिवशी माझ्या हातात तिसरी बाई होती आणि चौथी दारात ओरडत होती. मी आधी मोजले, दहा. नंतर मोजले नाहीत. केसपेपरवर लिहिलं, "दहा, बरोबर", खाली १४१८ टाकला आणि पळाले. एक तुकडा आत राहिला. पाचव्या दिवशी ती बाई तापाने फणफणून परत आली. घरच्यांनी तक्रार केली. रुग्णालयाने केसपेपरवरचा नंबर परिषदेला कळवला, परिषदेने रजिस्टर उघडलं, १४१८ समोर तुझं नाव होतं, आणि तुझ्या नावाने पत्र आलं. त्यात तारीख होती आणि केसपेपरचा क्रमांक होता. बिल्ल्याचा नंबर नव्हता. असता तर तू त्याच क्षणी बोलली असतीस.

मेट्रन नवी होती. तिला आपण दोघी सारख्याच, मोठी की धाकटी एवढंच विचारायची. तिने सकाळी ड्यूटी बदलताना सगळ्यांसमोर ते पत्र मोठ्याने वाचलं. मी तुझ्या शेजारी उभी होते. क्रमांक ऐकताच मला कळलं. मी तोंड उघडणार होते, हे मी एकतीस वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण त्याच्या आधी तू म्हणालीस, "माझंच चुकलं असेल." तुकडा राहिला त्या दिवशी तू चार बाळंतपणं केली होतीस. चारही वेळा तू मोजले होतेस, मी पाहिलं होतं. तरी तू म्हणालीस. तू इतक्या लवकर कबूल केलंस की मला खोटं बोलावंच लागलं नाही. नुसतं गप्प राहिले आणि भागलं.

त्या महिन्यात आपण दोघी कायम होणार होतो. मी कायम झाले. तू तीन आठवड्यांनी राजीनामा दिलास. बाबांनी कारण विचारलं तर म्हणालीस, हातांवर भरवसा राहिला नाही. मी तिथेच जेवत बसले होते आणि मी जेवण पूर्ण केलं.

त्यानंतर मी तुझ्याकडे येणं कमी केलं. सगळ्यांना वाटतं, तू मला तोडलंस. तू नाही तोडलंस. मीच दर वेळी ड्यूटीचं निमित्त काढलं. तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला मी आले नाही, तेव्हा मी ड्यूटीवर नव्हते. घरी बसून मटार सोलत होते.

आणि मागच्या पत्रात तुझ्या मोजण्याची मी थट्टा केली. सुनेने सांगितलं तेव्हाही सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. तू सहा बटणं चार वेळा का मोजतेस, हे जगात ज्या एका बाईला ठाऊक होतं, तीच हसत होती. लाज वाटते बारके. दुसरा शब्द नाही.

मी हे समितीला सांगणार आहे. सेक्रेटरीला बोलले तर तिने कपाळावर हात मारून घेतला. "ताई, त्यांच्याकडे ती नोंदच नाही! कुणी विचारलेलं नसताना कोण सांगतं?" तिचं बरोबर आहे. गप्प राहिले तर २८ तारखेला दहा मिनिटांत सुटेन. सांगितलं तर नोंदणी जाईल किंवा राहील, तिलाही सांगता येत नाही. तिने मला एक रात्र विचार करायला सांगितलं. मी म्हटलं, एकतीस वर्षं केला, आता पुरे.

ते पत्र तुझ्याकडे असेल तर मला हवं आहे. शिंकांचं मी लिहिलं होतं, ते विसर.

ताई


२३ जून

बारके,

तुझं पाकीट आत्ता आलं. ड्यूटीला निघता निघता लिहिते आहे, एक चप्पल पायात आहे. मूळ पत्र मिळालं. तू मला शिव्या घातल्या असतील असं वाटून मी आधी सगळे कागद झटकून पाहिले. शिव्या नाहीत. नुसतं विचारलं आहेस, "ती बाई जगली का?"

जगली. चांगली ठणठणीत आहे. दहा दिवसांत घरी गेली. तेव्हाची मुलगी आता एकतीस वर्षांची आहे, उंच आहे, गाडी चालवायला शिकवते. त्यानंतर त्या बाईला आणखी दोन मुलगे झाले, दोन्ही वेळा मीच होते. आमच्या वॉर्डाच्या चादरी धुण्याचं काम गेली बारा वर्षं तिच्याच लाँड्रीकडे आहे. दर सोमवारी ती माझ्याशी भांडते, कारण चादरींत आमच्या कात्र्या सापडतात.

म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं. तुला एका वाक्यात सांगता आलं असतं आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस की मला तिचं एवढं कसं ठाऊक. एवढ्याच भीतीने मी तुला एकतीस वर्षं त्या बाईच्या जिवाची काळजी वाहू दिली. बिल्ल्याचं, ताकिदीचं एक वेळ वयावर ढकलता येईल. याला वय कारण नाही. याला मी कारण आहे.

उशीर होतो आहे. घरातली सगळी घड्याळं आज एकच वेळ दाखवताहेत आणि तीच चुकीची आहे.

ताई


१ जुलै

बारके,

आधी तब्येत. गुडघे बरे. जीवही बराच हलका आहे, पण त्याचं श्रेय मी घेत नाही.

सुनावणीच्या आधी मी लाँड्रीत गेले. तिला सांगायलाच हवं होतं. वाफेने भरलेली खोली, चार इस्त्र्या चालू, आणि ती काउंटरमागे बिलं फाडत बसलेली. मी सगळं सांगितलं. तुकडा, मोजणी, तुझं नाव. तिने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ती धाकटी नव्हती?"

"नाही."

"तुम्ही होता."

"हो."

"आणि पुढच्या दोन्ही वेळा मी तुमचं नाव सांगून तुम्हाला मागून घेतलं! मला सगळ्यांनी सांगितलं होतं की जिने घोळ घातला ती गेली, ही तिची बहीण फार सावध आहे." मग म्हणाली, "तुमचा हात घाईचा आहे, हे मला तेव्हाच वाटलं होतं. आमच्या थोरल्याच्या वेळी तुम्ही मला तीनदा सांगितलंत, 'आवरा आता'. मी काय मुद्दाम वेळ काढत होते?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, बघते. आणि २८ तारखेला, न बोलावता, परिषदेच्या व्हरांड्यात माझ्याआधी येऊन बसली. बरोबर थोरली मुलगी. कात्र्यांची पिशवीही आणली होती, पुरावा म्हणून.

समितीत तिघं होती. अध्यक्षबाई म्हणजे जुन्या जाणत्या सुईण, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. त्यांच्या डाव्या हाताला एक डॉक्टर, ते सतत घड्याळाकडे पाहत होते. उजवीकडे परिषदेचा तरुण वकील, त्याच्यापुढे नियमांचं जाड पुस्तक. बिल्ल्यांचं प्रकरण पंधरा मिनिटांत झालं. वकील म्हणाला, "कारकुनी चूक दिसते, पुढच्या विषयाकडे वळू." सेक्रेटरीने माझ्या कोपराला चिमटा काढला. म्हणजे उठा आणि नमस्कार करून चला.

मी म्हटलं, "कारकुनाने काही केलं नाही, मी केलं. आणि अजून एक आहे."

मग सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, फक्त मटार वगळून.

वकील पानं चाळत राहिला. "अशी ताकीद आमच्या नोंदीत नाही. जी ताकीद नाही, ती मागे कशी घेणार? आधी ती दिली होती असं सिद्ध करावं लागेल."

मी तुला आलेलं ते ताकिदीचं पत्र टेबलावर ठेवलं. ते इतक्या वेळा उघडून घडी घातलेलं आहे की मधोमध फाटून त्याचे चार तुकडे झाले आहेत, आणि तू ते मागून चिकटपट्टीने जोडले आहेस. अध्यक्षबाईंनी ते वाचलं आणि उलटून चिकटपट्टी पाहिली. मी इतकी वर्षं या पत्राला घाबरत आले, पण त्याची घडी मी कधी पाहिली नव्हती. मला तिथे रडू आलं. समितीसमोर रडायचं नाही असं सेक्रेटरीने बजावलं होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

वकील खाकरून म्हणाला, "सदर प्रसूत झालेल्या व्यक्तीचा ठावठिकाणा उपलब्ध आहे का?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मी व्यक्तीबिक्ती नाही, लाँड्रीवाली आहे. इथेच बसलेय."

तिला पुढे बोलावलं. तिने आधी कात्र्या दाखल करून घ्यायला लावल्या. मग म्हणाली, "माझी हिच्याविरुद्ध तक्रार आहे. एकतीस वर्षं उशीर झाला असेल तर तसं सांगा, पण लिहून घ्या. आणि त्या धाकटीविरुद्धची खोडा. ती बाई मला तेव्हा दवाखान्यात भेटायला आली होती. ती माफी मागत होती आणि मी तोंड फिरवून घेतलं. माझं तोंड चुकीच्या माणसापासून फिरलं होतं, तेही लिहा."

बारके, तू तिला भेटायला गेली होतीस, हे मला माहीत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "गप्प राहिला असतात तर सुटला असतात. मग आजच का सांगितलंत?"

"बहिणीने पिनेचं विचारलं," मी म्हटलं. वकिलाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नंतर पन्नास वर्षांनी कुणी वाचलं तर डोकं धरून बसेल.

निकाल काल हातात आला. नोंदणी राहिली. १४१७ माझ्या नावावर परत आला. दुसऱ्याच्या नंबरावर काम केल्याबद्दल ठपका, आणि गॉझच्या प्रकरणात ताकीद, शेवटी ज्या नावावर यायला हवी होती त्या नावावर. शिवाय सहा महिने माझी प्रत्येक मोजणी दुसऱ्या प्रसाविकेने तपासून सही करायची. डॉक्टरांनी वॉर्डातल्या सर्वांत नवख्या मुलीचं नाव सुचवलं, तिला नोकरी लागून दोन वर्षं झाली आहेत. ती मला मोठ्याने मोजायला लावते. काल आठवर अडखळले तर म्हणाली, "ताई, पहिल्यापासून." मी पहिल्यापासून मोजले. तिच्याच वयाची तू होतीस.

तुझी ताकीद मागे घेतल्याचं पत्र परिषद रजिस्टर टपालाने पाठवते आहे. मी अध्यक्षबाईंना एक विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली. आज सकाळी ड्यूटी बदलताना मी त्याची नक्कल वॉर्डात मोठ्याने वाचली. तेव्हाचं तिथे कुणी उरलेलं नाही. अकरा मुली उभ्या होत्या, निम्म्यांना घरी जायची घाई होती. वाचून झाल्यावर एकीने विचारलं, "ही बाई कोण?" मी सांगितलं. तुझं पूर्ण नाव सांगितलं, आणि ती कधीही न मोजता नंबर टाकत नसे, हेही सांगितलं.

लाँड्रीवाली मंगळवारी तुझ्या दुकानात येणार आहे. पत्ता मी दिला, रागावू नकोस, न देता सुटका नव्हती. मुलगीही येईल, गाडी तीच चालवते. बाईचा आवाज मोठा आहे आणि ती मनातलं सगळं बोलते, पण तिला बोलू दे. ती तोंड फिरवणार नाही. मी येणार नाही. ही भेट तुझी आहे.

आता शेवटचं, आणि यात मी काही सुचवत नाही. १४१८ रजिस्टरमध्ये तुझ्या नावावर जिवंत आहे. परिषद तुला विचारणार आहे की ठेवायचा की सोडायचा. ठेवलास तर सहा महिन्यांची उजळणी करावी लागेल आणि पुन्हा काम करता येईल, चोपन्नाव्या वर्षीही करता येईल, मी नियम दोनदा वाचला. सोडलास तर तोही तुझाच निर्णय. कळवायला सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत आहे. मला कळवायची गरज नाही. एवढंच सांगते, की तू हाताने चांगली होतीस. माझ्यापेक्षा चांगली होतीस, आणि हे मला सहाव्या महिन्यातच माहीत होतं.

माफी मागते. पत्रात मागून भागणार नाही, ती समोर बसून मागायला हवी. पण दार तुझं आहे, तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मी मागितलेली आहे, असं समज.

तुझी म्हणवून घ्यायला धजावलेली,
ताई